भाच्याचा प्रोग्रॅम की कंपनीचं पॅकेज?

प्रश्न: आम्ही बेळगावच्या अनगोळात राहतो. खाली आम्ही दोघं, वर भाडेकरू. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते अंगणातल्या सम्पमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) भरून घेतो आणि एक एचपीच्या पंपानं गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवतो. ह्यांचे गुडघे दुखतात, टाकी बघायला जिना चढवत नाही. गेल्या महिन्यात सम्प कोरडा पडला तरी पंप तासभर चालत राहिला आणि सील गेलं. गीझर चालू राहतो, गेटचा दिवा दिवसाढवळ्या जळतो. एप्रिलमध्ये दोनशे युनिटच्या वर गेलो आणि गृहज्योती (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) असूनही पूर्ण बिल भरावं लागलं. पुण्याचा मुलगा म्हणतो, सगळं घर मोबाईलवर घे. एका कंपनीनं एक लाख चाळीस हजारांचं कोटेशन दिलंय, शिवाय दुसऱ्या वर्षापासून ॲपची वर्गणी. भाचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणतो, “मावशी, पाच हजारांत महिन्याभरात मी हे पायथॉनमध्ये लिहून देतो.” कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, दोघांचंही पूर्ण ऐकू नका. कंपनीकडून घराचा मेंदू, म्हणजे सगळी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर, विकत घेऊ नका आणि भाच्याला तो कोरी पाटी घेऊन लिहायलाही बसवू नका. होम असिस्टंट नावाचं असंच फुकट, खुलं सॉफ्टवेअर २०१३ पासून जगभरचे लोक लिहीत आलेत, आणि तेही पायथॉनमध्येच. भाच्यानं ते बसवावं आणि तुमच्या घराचे आठ-दहा नियम तेवढे त्यावर रचावेत. पण पंप कधी थांबायचा, हा निर्णय कुठल्याच सॉफ्टवेअरकडे देऊ नका. विकतच्याही नाही, भाच्याच्याही नाही. ते काम तारेचं आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

दोन केबल फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होऊन चालू-बंद होणारे स्विच) घ्या, एक सम्पला आणि एक टाकीला. टाकीतला असा बांधा की ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली चार बोटं, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर पाणी असतानाच तो उलटेल. सम्पमधला असा की फूटव्हॉल्व्हच्या (पंपाच्या ओढपाइपाच्या तळाच्या झडपेच्या) वर १५ सेंटिमीटर पाणी उरलं की तोडेल. त्याखाली गेलं तर पंप भोवऱ्यातून हवा ओढतो. फ्लोट आणि त्याचं वजन यांच्यामध्ये केबल किती मोकळी सोडली, यावर चालू आणि बंद होण्यातलं अंतर ठरतं. ३० ते ४० सेंटिमीटर सोडा. अगदी आखूड बांधला तर पाण्याच्या हेलकाव्यावर पंप मिनिटाला चारदा चालू-बंद होईल.

फ्लोटमधून २३० व्होल्ट नेऊ नका. बरेच वायरमन तसंच करतात, कारण एक अ‍ॅडॉप्टर आणि एक रिले (विजेनं ओढला जाणारा छोटा स्विच) वाचतो. पण दोन-तीन पावसाळ्यांनी केबलचं आवरण तडकलं की सम्पच्या पाण्यात करंट उतरतो, आणि त्याच पाण्यात आपण बादली बुडवतो. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्या. दोन्ही फ्लोट एकापुढे एक जोडून त्यांच्यामागे १२ व्होल्टचा रिले लावा. सम्पमध्ये पाणी आहे आणि टाकी भरलेली नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच रिले ओढला जाईल. उंदरानं केबल कुरतडली तरी रिले सुटतो आणि पंप थांबतो, म्हणजे बिघाड झालाच तर पंप बंद राहण्याच्या बाजूला होतो. या रिलेच्या कॉन्टॅक्टमधून पुढे कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोठा करंट सोसणाऱ्या दणकट रिलेच्या, कॉइलची फेज जाईल.

आता कॉन्टॅक्टर कशाला, हे भाच्याला नीट समजावून सांगा, कारण महिन्याभरात लिहून देतो म्हणणारी मुलं बहुधा इथेच ठेचकाळतात. एक एचपीचा पंप चालताना सहा-सात अँपिअर घेतो, म्हणून डब्यावर ‘१० अँपिअर’ लिहिलेला वायफाय स्विच पुरेल असं वाटतं. पण सुरू होतानाच्या क्षणी तोच पंप पाच-सहापट करंट ओढतो, म्हणजे ३५-४० अँपिअर. स्विचमधल्या एवढ्याशा रिलेचे कॉन्टॅक्ट काही आठवड्यांत एकमेकांना चिकटतात. मग मोबाईलवर ‘बंद’ दिसतं आणि पंप धडधडत असतो. म्हणून वायफाय स्विचनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची. पंपाचा करंट कॉन्टॅक्टरनं सोसायचा. कॉन्टॅक्टर घेताना अँपिअरचा आकडा एसी-३ या वर्गातला बघा, १२ किंवा त्याहून जास्त. एसी-१ चा आकडा मोठा दिसतो, पण तो हीटरसाठी असतो, मोटरसाठी नव्हे. कॉइलच्या दोन टोकांना ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर लावा, नाहीतर कॉइल सुटताना येणाऱ्या झटक्यानं वायफाय स्विच मधूनच रीसेट होतो आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.

कॉन्टॅक्टरच्या पुढे ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की तोडणारा), पंपाच्या पाटीवर लिहिलेल्या करंटवर लावलेला. हा रिले तीन फेजसाठी बनवलेला असतो. तुमचा पंप सिंगल फेज आहे, तेव्हा एक पोल रिकामा सोडला तर काही रिले फेज गेली असं समजून उगाच ट्रिप होतात. करंट दोन पोलमधून फिरवून तिन्ही पोल वापरात आणायचे. सगळ्याच्या आधी डीबीत (घराच्या मुख्य वीजपेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की तोडणारा स्विच, हवा.

हाताचा स्विच ठेवा. तो वायफाय स्विचला समांतर जोडायचा, फ्लोटला समांतर मुळीच नाही. म्हणजे वायफाय मेलं तरी तुमच्या यजमानांना खालून पंप चालू करता येईल, आणि विसरले तरी टाकी भरली की तो थांबेल. इतकं झालं की तुमच्या तक्रारीतला मोठा भाग संपला, आणि अजून एकही ओळ प्रोग्रॅम लिहिलेला नाही. पंधरा दिवस हे असंच चालू द्या. तोवर दुसरं काही घेऊ नका.

भाच्यानं काय लिहू नये

त्याचा पहिला प्रोग्रॅम बहुधा असा असेल: पंप चालू कर, तीस मिनिटं थांब, पंप बंद कर. तीन ओळी, टेबलावर झकास चालतात. घरात मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात प्रोग्रॅम कुठल्याशा चुकीवर अडकून पडला, तर तिसरी ओळ कधीच येत नाही. रिले शेवटचा हुकूम धरून बसतो.

यावर उपाय असा की वेळ मोजायचं काम मधल्या, म्हणजे होम असिस्टंट चालवणाऱ्या, कॉम्प्युटरकडे न देता पंपाजवळच्या स्विचकडेच द्यायचं. ईएसपी ही वायफायची चिप असलेल्या स्विचमध्ये टास्मोटा हे फुकट फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) घालता येतं. त्यात ‘पल्सटाइम’ म्हणून एक सेटिंग आहे. ११२ पासून वरच्या आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात, म्हणजे २५०० लिहिलं की २४०० सेकंद, चाळीस मिनिटं. कुणी काहीही हुकूम देवो न देवो, चाळीस मिनिटांनी तो स्विच स्वतःच सुटणार. तुमची टाकी रिकामी असताना भरायला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघा आणि त्यात दहा मिनिटं मिळवा. ‘पॉवरऑनस्टेट’ हे दुसरं सेटिंग ० करा, म्हणजे गेलेला करंट परत आला की पंप आपोआप उठणार नाही.

भाच्याला टास्मोटाऐवजी ईएसपीहोम हे तसलंच दुसरं फर्मवेअर आवडत असेल तर तेही चांगलं, पण त्यात एक खोच आहे. होम असिस्टंटशी पंधरा मिनिटं संपर्क तुटला की ते यंत्र आपोआप रीस्टार्ट होतं. हे मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. घरातला मधला कॉम्प्युटर बंद पडला की दर पंधरा मिनिटांनी पंप अर्ध्यावर सुटेल. ‘रीबूट टाइमआउट’ शून्य सेकंद करायचा, म्हणजे हा त्रास जातो. सुटा ईएसपी-८२६६ बोर्ड वापरणार असेल तर रिले जीपीआयओ ४ किंवा ५ या पिनवर जोडावा. काही पिन यंत्र सुरू होताना क्षणभर वर जातात आणि तेवढ्यात कॉन्टॅक्टर ठक्‌ करून ओढला जातो.

आता उरलेलं त्यानं स्वतः लिहायचं म्हटलं तर काय काय लागेल? मोबाईलवरचा पडदा, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा लॉगिन, मुलाला पुण्यात जाणारी सूचना, महिन्याचा हिशेब, आलेख, बॅकअप, आणि नवीन बल्ब आणला की त्याची भाषा शिकणं. गेटच्या दिव्याचंच घ्या. बेळगावात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि जुलैत सातनंतर. ‘साडेसहाला लाव’ म्हणून चालत नाही, रोजचा सूर्यास्त काढावा लागतो. होम असिस्टंटमध्ये हे आधीपासून आहे. घराचं ठिकाण नकाशावर एकदा दाखवलं की झालं. पंप चालू करणं भाचा दोन संध्याकाळीत लिहील, बाकीचं लिहिताना त्याचं शेवटचं वर्ष जाईल. आणि पास झाल्यावर तो बेंगळूरला किंवा पुण्याला जाणार. त्यानं स्वतःच्या डोक्यानं लिहिलेला प्रोग्रॅम बेळगावात दुसऱ्या कुणाला उलगडणार नाही. होम असिस्टंट जाणणारा दुसरा मुलगा मात्र सापडतो.

कंपनीच्या पॅकेजचं काय?

कोटेशन वाईटच असेल असं नाही. नवीन घर बांधताना, भिंती उघड्या असताना, आणि घरात कुणालाच यात डोकं घालायचं नसेल तर पॅकेज घेणं शहाणपणाचं. तेव्हाही केएनएक्ससारख्या खुल्या मानकाचं मागावं, ज्यात एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलतो. तुमचं घर बांधून झालेलं आहे आणि तुमच्या गरजा चार आहेत.

दुसरी अडचण वर्गणीची. ज्या यंत्राचा मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर असतो, ते यंत्र कंपनीच्या मर्जीवर जगतं. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब, म्हणजे घरातली यंत्रं एकत्र जोडणारा डबा, होता. २०१४ मध्ये नेस्ट या दुसऱ्या कंपनीनं तो बनवणारी कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. लोकांच्या घरचे हब निव्वळ डबे झाले. लोव्ज या मोठ्या दुकानसाखळीनं आपली आयरिस नावाची अशीच सेवा ३१ मार्च २०१९ ला बंद केली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अशाच कंपनीचे सर्व्हर एके दिवशी न सांगता थांबले, गिऱ्हाइकांना कळलं ते ॲप उघडेना तेव्हा.

म्हणून कोटेशनवाल्याला त्याच्या दुकानातच एक परीक्षा द्यायला लावा. त्याच्या डेमो बोर्डाच्या राउटरमधून बाहेरून येणारी इंटरनेटची केबल उपसा. वायफाय चालू, इंटरनेट बंद. आता ॲपमधून दिवा लावून दाखवा म्हणा. लागला तर पुढे बोला. मग विचारा: मुख्य अकाउंट कुणाच्या ईमेलवर उघडणार, तुमच्या की त्यांच्या? एक स्विच जळला तर तो एकटा मिळतो का, किती रुपयांना, आणि बेळगावातच मिळतो की बाहेरून मागवावा लागतो? वर्गणी भरली नाही तर भिंतीवरचं बटण तरी चालतं का? शेवटच्या प्रश्नावर उत्तर द्यायला उशीर झाला तर चहा पिऊन घरी या.

काय आणायचं

मधला कॉम्प्युटर म्हणून रास्पबेरी पाय ४ हा छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर पुरतो. जुना, न वापरलेला मिनी पीसी कुणाकडे पडून असेल तर तो जास्तच चांगला. पाय घेतलात तर मेमरी कार्डावर चालवू नका. होम असिस्टंट दिवसभर बारीकसारीक नोंदी लिहीत असतं आणि कार्ड वर्ष-दीड वर्षात दगा देऊ शकतं, तेही बहुधा करंट गेल्याच्या क्षणी. छोटी एसएसडी लावा. पॉवर सप्लाय ५ व्होल्ट ३ अँपिअरचा मूळ घ्या. मोबाईलच्या चार्जरवर तो मधूनच अडखळतो.

स्विच आणि सेन्सर झिगबीचे (वायफायहून वेगळ्या बिनतारी पद्धतीचे) घेतले तर त्यासाठी यूएसबी डोंगल लागतो. तो थेट एसएसडीशेजारच्या पोर्टात खुपसू नका. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो आणि झिगबीही तिथंच बोलतं. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून डोंगल दूर टांगा. ‘सेन्सर सारखा गायब होतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा या मीटरभर केबलीत असतं. बाजारात स्वस्त मिळणारी वायफायची बहुतेक यंत्रं स्मार्ट लाइफ ॲपवर चालतात आणि त्यांचा मेंदू परदेशी सर्व्हरवर असतो. दिव्याला एखादं चालेल, पंपाला नको. ती जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा, ५ वर ती यंत्रं दिसतच नाहीत.

गेटच्या दिव्याच्या बोर्डात न्यूट्रल आहे का ते आधी बघा. ज्या बोर्डावर प्लगपॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतोच. नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात बहुधा फेजच फिरवलेली असते. न्यूट्रल नसेल तर ओढून घ्या. अर्थिंगचा न्यूट्रल करून काम भागवतो असं कुणी म्हणाला तर त्याला गेटाबाहेर काढा. पंख्यांना हात लावू नका. दिव्याचा डिमर पंख्याला लावला तर मोटर गुणगुणते आणि तापते, आणि बीएलडीसी पंखा असेल तर त्याला बाहेरून रेग्युलेटर चालतच नाही.

मुलाला टाकीत किती पाणी आहे ते आकड्यात हवं असेल, तर पाण्याला न भिणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीच्या झाकणाला आतून लावता येतो. त्याला पहिल्या २०-२५ सेंटिमीटरमधलं काही दिसत नाही, म्हणून भरलेल्या पाण्यापासून तेवढा उंच बसवायचा. पहाटे त्याच्या तोंडावर दव धरतं आणि तो भलतेच आकडे सांगतो. पाच वाचनांमधलं मधलं घ्यायला सांगितलं की बऱ्यापैकी सुधारतो. १०७ सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत दर सेंटिमीटरला ९ लिटर पाणी असतं, त्यावरून हिशेब लागतो. हा आकडा बघण्यापुरता. पंप थांबवणार तो फ्लोटच.

आपल्याकडच्या भानगडी

वळीव. एप्रिल-मे महिन्यात विजा कडाडतात तेव्हा गच्चीवरून खाली आलेली प्रत्येक लांब तार अँटेनासारखी वागते. थेट वीज पडायची गरज नाही, शेजारच्या गल्लीत पडली तरी तारेत झटका येतो आणि ईएसपीचा पिन जळतो. म्हणून टाकीचा फ्लोट थेट चिपला न जोडता १२ व्होल्टच्या रिलेला जोडायला सांगितलं. रिले हा झटका सोसतो. आकडे सांगणारा सेन्सर वरच वायफायनं बोलू द्या, तार खाली आणू नका. डीबीत टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (असा झटका जमिनीत सोडणारा) बसवा. पण अर्थिंगचा खड्डा सुकलेला असेल तर सर्ज प्रोटेक्टर निव्वळ शोभेला. खड्डा आधी तपासून घ्या.

कमी व्होल्टेज. २३० व्होल्टचा कॉन्टॅक्टर ८५ टक्क्यांवर, म्हणजे साधारण १९५ व्होल्टला ओढला जाईल एवढीच हमी असते. उन्हाळ्यात संध्याकाळी १८० वर गेलं तर तो फडफडतो आणि कॉन्टॅक्ट करपतात. पंपासाठी व्होल्टेज प्रोटेक्टर लावा, १९५ च्या खाली तोडणारा आणि करंट आल्यावर तीन मिनिटं थांबून जोडणारा.

करंट परत येतो तो क्षण. राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, यंत्रं त्याआधी जागी होतात आणि वाट बघून कंटाळतात. राउटर आणि पाय हे दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. इन्व्हर्टरही उतरला आणि नंतर इंटरनेट नसताना पाय सुरू झाला, तर तो जुन्याच वेळेला जगत राहतो आणि सकाळचा गीझर भलत्या वेळी लागतो. रास्पबेरी पाय ५ ला बॅटरीची जागा आहे. नाहीतर शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल जोडा.

दोनशे युनिट

खरं म्हणजे तुमच्या पत्रातला सॉफ्टवेअरचा प्रश्न हाच आहे. गृहज्योती योजनेत तुमचा मोफत युनिटांचा हक्क २०२२-२३ च्या सरासरीवर १० टक्के मिळवून ठरतो. त्याच्या वर पण दोनशेच्या आत राहिलात तर वरच्या युनिटांचेच पैसे, आणि दोनशेच्या वर गेलात तर सगळंच बिल. २०१ वं युनिट फार महाग पडतं, आणि ते कधी येतंय हे मीटरकडे टक लावून कळत नाही.

मेन स्विचच्या पुढे तुमच्या आरआर नंबरच्या (वीज बिलावरच्या ग्राहक क्रमांकाच्या) फेजवर पीझेडईएम-००४टी हा वीज मोजणारा छोटा मीटर बसवा, १०० अँपिअरच्या कॉइलचा. कॉइलच्या रिंगमधून फक्त फेज जाईल, न्यूट्रल नाही. दोन्ही घातले तर आकडा शून्य येतो. भाडेकरूचा आरआर नंबर वेगळा असेल तर त्याची तार रिंगच्या बाहेर राहील याची खात्री करा. होम असिस्टंटमध्ये ‘युटिलिटी मीटर’ नावाचा हेल्पर आहे. तो महिन्याचा करा, पण एक तारखेला शून्य होऊ देऊ नका. बिलावर रीडिंगची तारीख असते. ती ८ असेल तर सात दिवसांचा ऑफसेट द्या. मग नियम साधा आहे: वापरलेली युनिटं भागिले झालेले दिवस, गुणिले तीस. विसाव्या दिवशी १४० झाली असतील तर महिनाअखेर २१० होणार, आणि हातात अजून दहा दिवस आहेत. अंदाज १९०च्या वर गेला की तुमच्या आणि मुलाच्या फोनवर संदेश. पहिले दोन महिने हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरशी ताडून बघा, एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक राहतोच.

गीझरबद्दल एक सांगतो, भीती वाटते तेवढा तो दोषी नाही. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ६० वर न्यायला २ किलोवॉटच्या गीझरला २० मिनिटं आणि साधारण ०.७ युनिट लागतं. त्यानंतर थर्मोस्टॅट तोडतो. विसरलेला गीझर दिवसभर धो-धो वीज पीत नाही, निवलेली ऊब तेवढी भरून काढतो. तरी अर्ध्या तासानं सुटणारा नियम लावाच, थर्मोस्टॅट कधीतरी चिकटतो. स्विच मात्र १६ अँपिअरचा हवा. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर सतत ओढतो, तिथे कॉन्टॅक्टरच बरा.

पंपाच्या तारेवरही असाच दुसरा मीटर बसवला तर मजा आहे. कोरडा पंप पाणी उचलत नाही, म्हणून कमी करंट घेतो. पाणी असताना समजा ६ अँपिअर घेत असेल, तर ४.५ च्या खाली दहा सेकंद राहिला की बंद, आणि संदेश. दहा सेकंद अशासाठी की सुरुवातीला पाइपात हवा असते. नेमका आकडा तुमच्या पंपाचाच बघून ठरवा. आणि स्विच ‘बंद’ सांगतोय पण करंट वाहतोय असं दिसलं, तर कॉन्टॅक्ट चिकटलेत. मुलाला पुण्यातून कळण्यासारखी सगळ्यात उपयोगी गोष्ट ती.

मुलाला पुण्याहून बघता यावं म्हणून राउटरवर ८१२३ पोर्ट (होम असिस्टंटचं दार) उघडू नका. घरगुती कनेक्शनवर ते बहुधा चालतही नाही, आणि चाललं तर सगळ्या जगाला दार उघडं राहतं. टेलस्केल हे तुमच्याच यंत्रांना आपसात खासगी जोडणारं सॉफ्टवेअर बसवा, घरगुती वापराला फुकट आहे. होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. त्या आठवड्यात अपडेट दाबायचं नाही. शेवटच्या आठवड्यात, बॅकअप घेऊन, आणि भाचा बेळगावात असताना दाबायचं. बॅकअपला पासवर्डासारखी लांबलचक किल्ली असते, ती छापून ठेवा. कॅमेरे, दाराचं कुलूप, बोलून लागणारे दिवे, हे सगळं पुढच्या वर्षी.

भाच्याकडून पाच हजारांत आणखी एक काम करून घ्या. डीबीच्या दाराला आतून चिकटवायचा एक कागद, मराठीत, मोठ्या अक्षरांत: कुठला एमसीबी कशाचा, पंप हातानं कसा लावायचा, वायफाय स्विच कुठे आहे, पायची केबल कोणती. पासवर्ड कागदावर नको, ते बंद पाकिटात कपाटात. मग त्याला घराबाहेर उभं करून पायची केबल उपसा आणि यजमानांना फक्त कागद वाचून पंप चालू करायला सांगा. जिथे अडतील तिथला कागद परत लिहायला लावा.

आणि कोटेशनवाल्याला एकदम नाही म्हणू नका. त्याच्याकडे लायसनवाला वायरमन असणार, जो भाच्याकडे नाही. फ्लोट, १२ व्होल्टचा रिले, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, आरसीसीबी, सर्ज प्रोटेक्टर, गेटच्या बोर्डापर्यंत न्यूट्रल आणि अर्थिंगचा खड्डा, एवढ्याच कामाचं वेगळं कोटेशन मागा. मालाचे मेक लिहून घ्या, मजुरी वेगळी लिहून घ्या.